साडेसहाचा फोन

२३ मार्च, शनिवार

सातपैकी पाच फोन आज गेले. हरणं माजावर आली की बंदूकवाल्यांनाही चेव येतो, आणि त्यांच्या बुटांचा चिखल माझ्या स्वयंपाकघरात येतो. या किनाऱ्यावर सॅटेलाइट फोन भाड्याने देणारी मी एकटीच आहे. त्यामुळे त्यांना इलाज नाही आणि मलाही नाही.

दुपारी ऑकलंडचे चौघे आले. मी नेहमीचं सांगितलं. आकाश उघडं दिसलं तरच फोन लागतो, झाडाखाली किंवा खोपट्यात लागत नाही. बॅटरी रात्री अंगाशी घेऊन झोपायचं, थंडीने ती उतरते. बोलून झालं की फोन बंद करायचा. रोज संध्याकाळी साडेसहाला मला फोन करायचा. सात वाजेपर्यंत आला नाही तर मी पोलिसांना कळवते. कारणं नंतर ऐकते.

त्यातला दाढीवाला म्हणाला, "आजी, आणि आम्हाला डुलकी लागली असली तर?"

"तर हेलिकॉप्टरवाले उठवतील."

"आमच्या आईपेक्षा कडक आहात तुम्ही."

"तुमच्या आईला तुम्ही परत हवे असाल. मला फोन परत हवा आहे."

चौघे हसले. मी विनोद केला नव्हता.

२६ मार्च, मंगळवार

दुकानात मर्व भेटला. भेटला म्हणजे दुधाच्या कपाटापाशी उभा होता. त्याने टोपीला हात लावला. मी दुधावरची तारीख वाचत राहिले.

पाच वर्षं हेच चाललं आहे. तो माझ्यापासून तीन घरं सोडून राहतो, त्यामुळे दुधाच्या तारखा मला पाठ झाल्या आहेत. मर्व आणि माझा नवरा रॉस चाळीस वर्षं जोडीने डोंगरात जात. शेवटच्या वेळीही दोघेच होते, हॅरो नदीवरच्या वरच्या खोपट्यात. तीन दिवस पाऊस होता. रॉस पुरात उतरला आणि बुडाला. मर्व उतरला नाही आणि घरी आला. पोलिसांच्या कागदात तसंच लिहिलं आहे: सदर इसम काठावर उभा होता. मी तो कागद इतक्यांदा वाचला की घडीवर फाटला.

रॉस मला फोन करायला नदी ओलांडत होता. त्या खोपट्यापाशी दरी इतकी अरुंद आहे की डोक्यावर आकाशाची चिंधी दिसते. फोन लावायचा तर पलीकडच्या दगडगोट्यांच्या मैदानावर जावं लागतं. माझ्याशी बोलायला येताना तो गेला. इतर बायकांच्या वाट्याला एवढंही येत नाही, असं मी स्वतःला सांगते.

माझ्याकडून काही राहिलं नव्हतं. पहिल्या चुकलेल्या संध्याकाळी सात वाजता मी पोलिसांना कळवलं होतं. सातला एक मिनिटही वर नाही.

रॉसला सॉसेजमध्ये कांदा चालत नसे. तो गेल्यापासून मी कांदा घालते. मला अजून तो आवडलेला नाही.

२८ मार्च, गुरुवार

मेगन सहा नंबरचा फोन घेऊन गेली. माझी मुलगी, छत्तीस वर्षांची, पक्षी वाचवणाऱ्या खात्यासाठी सापळ्यांची रांग तपासायचं काम करते. अंडी खाणारे स्टोट, मुंगसासारखे लांबट प्राणी, पकडायचे, मेलेले काढून टाकायचे, नवं आमिष लावायचं. या वेळी दहा दिवस हॅरो नदीवर, एकटी, वरच्या खोपट्यात मुक्काम.

मी डीप फ्रीजमधले बारके मासे काढून अंड्यात कालवून धिरडी केली होती. तिने सहा खाल्ली. तोवर ठीक होतं.

मग म्हणाली, "आई, साडेसहाचं या वेळी जरा सैल ठेव. दिवसाआड फोन करते."

"रोज."

"तिथे आकाश नाही. रोज नदी ओलांडून जायचं आणि परत ओलांडून यायचं. तारेचा पूल सात वर्षांपूर्वी वाहून गेला, तुला ठाऊक आहे."

"गुडघाभर पाणी असतं या दिवसांत."

"आणि पाऊस आला तर?"

"तर लवकर जा."

तिने काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी सांगितलेलं तिला कळलं नाही की काय, असं मला वाटलं.

"बाबांनाही असंच सांगितलं होतंस?"

"त्याला सांगावं लागत नसे."

मग ती मागच्या वर्षीचं काढत बसली. तेव्हा तिला फोन करायला पस्तीस मिनिटं उशीर झाला होता आणि तोवर पोलिसांनी तिच्या साहेबाला जेवणावरून उठवलं होतं. ऑफिसात अजून कोणी उशिरा आलं की "हिच्या आईला कळवा" म्हणतात म्हणे. म्हणू देत. हसणारी माणसं जिवंत आहेत. मी तसं बोलूनही दाखवलं.

"तू ना," ती म्हणाली आणि पिशवी भरली. दारात मला मिठी मारली, पण मिठी मारताना पिशवी पाठीवरच होती, त्यामुळे माझे हात तिच्या पाठीला लागलेच नाहीत.

३१ मार्च, रविवार. ईस्टर

तीन दिवस वेळेवर फोन. आजचा अकरा सेकंदांचा होता.

"जिवंत आहे. सतरा सापळे. तीन स्टोट, एक उंदीर. ठेवते."

"पाणी किती आहे?"

"गुडघ्याखाली. ठेवते, आई."

रॉसही असाच बोलायचा. बॅटरी वाचवायची म्हणून. पण तो शेवटी "दार लावून घे" म्हणायचा, जणू मी दारं उघडी टाकून झोपणारी बाई आहे.

फिरत्या वाचनालयाची गाडी बुधवारी येऊन गेली. ध्रुवाकडे गेलेल्या माणसांच्या दैनंदिन्या आणल्या आहेत. मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली, त्यामुळे काय वाचावं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी मिळेल ते वाचते. ही माणसं बोटं गोठेपर्यंत लिहितात. हवामान, कुत्रे, किती बिस्किटं उरली. घरी वाट बघणाऱ्या बायकाही लिहीत असतील. त्यांचं कोणी छापलेलं दिसत नाही.

२ एप्रिल, मंगळवार

ऑकलंडवाल्यांचा फोन आला नाही. सात वाजता मी हेमीला फोन लावला. हेमी आमचा पोलीस. मोठा माणूस, आवाज मऊ.

"ग्लेनिस, अर्धा तास तरी दे बिचाऱ्यांना."

"मी सात म्हणजे सात सांगते."

"ते सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. माझ्या सासूलाही माहीत आहे."

सात वीसला त्यांचा फोन आला. दाढीवाला होता. हरणामागे गेले होते, अंतराचा अंदाज चुकला, आता चौघे धावत मैदानावर आले होते. धापा टाकत मला शिव्या देत होता. एकाचा पाय गोट्यांत मुरगळला होता. "तुमच्यामुळे," म्हणाला. "अंधारात धावत आलो, तुमच्यामुळे."

मी म्हटलं, "पाय बांधा आणि उद्या वेळेवर निघा."

दारूच्या दुकानात मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. ग्लेनिसचं हेलिकॉप्टर. आमच्याकडे माणसाला उचलून आणलं की त्याच्या मरणापर्यंत ते सांगतात. वर्तमानपत्रात येतं, मग प्रत्येक लग्नात कोणीतरी हात पंख्यासारखे फिरवून दाखवतं. रॉस चाळीस वर्षं डोंगरात हिंडला, त्याला कधी कोणी आणायला गेलं नव्हतं. तो हे बोलून दाखवत नसे. पण कोणाला उचलून आणल्याची बातमी आली की पेपर नीट घडी करून ठेवायचा आणि म्हणायचा, गरीब बिचारा. मेलेल्या माणसाबद्दलही तो इतक्या कळवळ्याने बोलत नसे.

३ एप्रिल, बुधवार

वायव्येचं वारं सुटलं आहे. रेडिओवर मोठ्या पावसाचा इशारा. मेगनला संध्याकाळी सांगितलं.

"दिसतंय," ती म्हणाली. "ढग खोपट्याच्या छपरावर बसलेत."

"उद्या लवकर ये फोनला. पाणी चढायच्या आत."

तिकडून फक्त नदीचा आवाज येत होता. मग म्हणाली, "हो."

४ एप्रिल, गुरुवार

आज फोन आला नाही.

पहाटेपासून धो धो पडतो आहे. माझ्या घरामागचा ओढा कुंपणाला लागला. साडेसहाला बसले. पावणेसात. सात. मी रिसीव्हर उचलला, एवढ्यात मागचं दार वाजलं आणि मी आत या म्हणायच्या आधीच मर्व आत आला. अंगावरचं पाणी माझ्या फरशीवर गळत होतं. पाच वर्षांत तो या घरात आला नव्हता.

"ठेव तो," तो म्हणाला.

"माझ्या घरातून चालता हो."

"होतो. आधी ठेव. आला नाही ना मेगनचा?"

"तुला काय करायचं आहे?"

"हॅरो वर आली आहे. मी खालच्या रस्त्याच्या पुलावरून बघून आलो. झाडं येताहेत वरून, मुळांसकट. हेमीला काय सांगणार आहेस? या ढगात हेलिकॉप्टर चालवून दाखव म्हणून?"

"तू तिलाही काठावर उभा राहून मरू दे."

हे मी बोलले. पाच वर्षं मनात होतं, तसंच्या तसं बाहेर आलं. त्याने टोपी काढली. टोपीतलंही पाणी फरशीवर पडलं.

"ती आत्ता काय करत असेल सांगू?" तो म्हणाला. "घड्याळ बघत असेल."

"मग?"

"मग काही नाही. रॉसही बघत होता."

टोपी घालून निघून गेला. दार नीट लावलं नाही. मी उठून लावलं, फरशी पुसली, मग पुन्हा रिसीव्हर उचलला आणि पुन्हा ठेवला. हेलिकॉप्टर या ढगात उडणार नाही हे खरं आहे, म्हणून ठेवला. दुसरं काही कारण नाही. मर्वच्या सांगण्यावरून मी माझ्या घरातला दिवाही बंद करणार नाही.

पण हेमीला मी कळवलेलं नाही. पहिल्यांदाच.

त्यानंतर कॉम्प्युटरवरून तिच्या फोनला निरोप पाठवायला बसले. आधी लिहिलं, कुठे आहेस, फोन कर. ते पुसलं. मग लिहिलं, काळजी वाटते. तेही पुसलं. शेवटी हे गेलं:

खोपट्याच्या बाजूलाच थांब. नदी उतरेपर्यंत. मी कोणालाही कळवलेलं नाही आणि कळवणार नाही. आठवडा लागला तरी चालेल. भात आणि डबे आहेत ना, ते खा. आई.

खाली अक्षरं येतात: पोचला नाही. तिचा फोन बंद असेल तर पोचत नाही. आकाश नसेल तरी पोचत नाही. ती उठू शकत नसेल, तरीही तेच लिहून येईल.

५ एप्रिल, शुक्रवार

पोचला नाही.

झोप झाली नाही, त्याचं वर्णन कशाला. मी पूर्वी हे कधी केलेलं नव्हतं, म्हणजे काही न करता बसणं. कळवलं की काम दुसऱ्याच्या हातात जातं आणि आपण चहा करत बसतो. कोणीतरी नकाशा उघडतं, कोणीतरी पायलटला उठवतं. न कळवता बसलं की सगळं आपल्याच हातात राहतं. झाड पडून तिचा पाय मोडला असेल तर या प्रत्येक तासाचा जाब मलाच द्यायचा आहे. मेगनला नाही. तिला जाब द्यायला ती उरलेलीच नसेल.

दुपारी हेमीचाच फोन आला. मेगनचं त्याला दुकानात कळलं होतं. इथे सगळं दुकानातच कळतं.

"तुझा फोन कसा आला नाही म्हणून मीच केला," तो म्हणाला. "मी तर जेवण आटपून बसलो होतो."

"पाऊस आहे."

"पाऊस आहे ते मलाही दिसतंय. नोंद करून ठेवू? ढग उचलले की पहिली फेरी तिच्याकडे पाठवतो."

"नको."

तो हळू म्हणाला, "ग्लेनिस, तू बरी आहेस ना?"

"तिच्याकडे दहा दिवसांचं खाणं आहे. छप्पर आहे, चूल आहे. ती मूर्ख नाही. रविवारी दुपारपर्यंत काही आलं नाही तर मीच सांगेन."

"रविवारी दुपारपर्यंत. नक्की?"

"तुला नेहमी अर्धा तास हवा असतो. घे की."

फोन ठेवल्यावर ब्रेड मळायला घेतला. तो नीट फुगला नाही. संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर मर्व फाटकापाशी उभा, पावसात. आत येत नव्हता, जातही नव्हता. मी पडदा ओढला. थोड्या वेळाने पडदा सरकवून पाहिलं तर तसाच उभा होता. मी दारात जाऊन एवढंच म्हटलं, "कळवलेलं नाही."

त्याने मान हलवली आणि गेला.

त्याच्यावर उपकार केल्यासारखं का वाटलं कोण जाणे. राग आला मला.

६ एप्रिल, शनिवार

सकाळी सात वाजून बारा मिनिटं. पोचला.

मी त्या शब्दाकडे किती वेळ बघत होते ठाऊक नाही. किटली सुकून करपली.

पण उत्तर नाही. दिवसभर नाही. फोनला निरोप पोचला एवढंच ते सांगतात. माणसाला पोचला का, हे सांगणारं यंत्र अजून कोणी काढलेलं नाही. फोन चालू होता आणि त्याच्यावर आकाश होतं. त्या दरीत आकाश फक्त नदीच्या पात्रावर आहे. मी तिथे अनेकदा गेले आहे, रॉसबरोबर, आमचं नवं लग्न झालं होतं तेव्हा. काठावर उभं राहिलं तर झाडं डोक्यावर येतात. चार पावलं पाण्यात गेलं की वर निळं दिसतं.

हे लिहिताना ते माझ्या लक्षात आलं. त्याआधी दिवसभर मी नुसती खूश होते.

सात बाराला ती पाण्यात होती.

हेमीला फोन लावला. म्हणजे नंबरचे चार आकडे दाबले. मग विचार केला की ती पाण्यात बुडाली असेल तर हेमी काही करू शकत नाही आणि बुडाली नसेल तर मी तिला लिहून दिलं आहे की कळवणार नाही. तिने ते वाचलं असेल आणि वर हेलिकॉप्टरचा आवाज आला, तर मी लिहिलेलं यापुढे ती कधीच खरं मानणार नाही. ठेवून दिला.

हे बरोबर केलं का, मला माहीत नाही. इथे लिहून ठेवते म्हणजे काही झालंच तर मी नंतर फिरवाफिरव करू शकणार नाही. शनिवारी संध्याकाळी आठच्या सुमाराला ग्लेनिसने कळवलं नाही.

७ एप्रिल, रविवार

पाऊस पहाटे थांबला. सकाळी दहाला घरामागचा ओढा कुंपणापासून मागे सरला होता. मी दर तासाला जाऊन बघत होते. ओढा म्हणजे हॅरो नव्हे, पण डोळ्यांना काहीतरी बघायला हवं होतं.

अकरा चाळीसला फोन वाजला.

"जिवंत आहे," मेगन म्हणाली.

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"आई? मैदानावर आहे. गुडघ्यावर पाणी होतं, आत्ता ओलांडलं, हळूहळू, काठी घेऊन. ऐकू येतंय का?"

"येतंय."

"सापळे अर्धे वाहून गेले. साहेब बोंब मारणार. तुझा निरोप मिळाला काल."

"मग उत्तर का नाही?"

"जात नव्हतं. एक क्षण आकाश मिळालं, तेवढ्यात तुझा आत आला आणि बंद पडलं. पुन्हा मिळेना." मग ती हसली. हसली म्हणजे तसा आवाज काढला. "कुठे होते मी सांगू? मांड्यांपर्यंत पाण्यात. पिशवीचा पट्टा सोडलेला, वाहिले तर पिशवी टाकता यावी म्हणून. दोन संध्याकाळी चुकल्या होत्या. म्हटलं आता आईने सगळा किनारा उठवला असणार, ते पोरगे या ढगात हेलिकॉप्टर घालणार आणि कड्यावर आपटणार माझ्यासाठी. त्यापेक्षा जाऊन सांगावं. पाणी थोडं उतरल्यासारखं वाटत होतं. आणि छातीवर फोन वाजला."

"पाणी उतरलं होतं का?"

"नाही," मेगन म्हणाली. "मागे फिरताना कळलं. मागे यायला जास्त वेळ लागला."

मी भिंतीला टेकून उभी होते. समोर कॅलेंडर होतं, त्यातला मेंढा बघत होते.

"खरंच कोणाला कळवलं नाहीस तू?" तिने विचारलं.

"नाही."

"हेमीलाही?"

"सांगितलं ना."

"बरं," ती म्हणाली. मग, "आई, बॅटरी जाते आहे. आणखी दोन दिवस लागतील, राहिलेले सापळे बघून येते. ठेवू?"

"ठेव."

ठेवला नाही तिने. थोडा वेळ नदीचा आवाज येत होता. मग गेला.

मी हेमीला फोन करून सांगितलं की तिचा फोन आला. तो म्हणाला, "बारालाही अजून वीस मिनिटं होती, ग्लेनिस." मी म्हटलं, "माहीत आहे."

८ एप्रिल, सोमवार

संध्याकाळकडे मर्वकडे गेले. त्याचं आवार मला ओळखू आलं नाही. त्याची बायको जेनी होती तेव्हा तिथे वाटाणे असत. आता नुसती लाकडं आणि दोन बंद पडलेल्या मोटारी.

तो लाकडं फोडत होता. मला बघून थांबला, पण कुऱ्हाड हातातच होती.

"मेगन ठीक आहे," मी म्हटलं.

"ऐकलं दुकानात."

"पाण्यात उतरली होती. निरोप मिळाला म्हणून मागे फिरली."

"हं."

"तू रॉसला अडवलं नाहीस."

मी भांडायला आले नव्हते. पण त्याच्याशी बोलायचं म्हणजे माझ्याकडे तेवढं एकच वाक्य होतं, पाच वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं.

"अडवलं," मर्व म्हणाला. "दंडाला धरलं. त्याने सोडवून घेतलं. माझ्यापेक्षा ताकद होती त्याला, तुला ठाऊक आहे. मग काठावरून ओरडलो."

"काय ओरडलास?"

त्याने कुऱ्हाडीच्या पात्यावरचा ढलपा अंगठ्याने काढला. "म्हटलं, अरे, उद्या पाणी उतरेल. ग्लेनिस एक दिवस थांबेल."

"मग?"

"हसला. कमरेएवढ्या पाण्यात होता. मागे वळून म्हणाला, 'तू तिच्याशी लग्न केलेलं नाहीस.'"

रस्त्यावरून दूधवाल्याचा ट्रक गेला. ड्रायव्हरने हात केला, मर्वने केला, मीही केला.

"पोलिसांच्या कागदात हे नाही," मी म्हटलं.

"नाही."

"का नाही?"

"सांगितलं असतं तर त्यांनी लिहून घेतलं असतं," तो म्हणाला. "आणि तू वाचतेस."

तो पुन्हा फोडायला लागला. मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर मी खाली बसेन किंवा त्याला मारेन. तसं काही झालं नाही. मी तिथे उभी राहिले आणि तो एकामागून एक ओंडके फोडत राहिला. एकदा मी विचारलं, "हसत म्हणाला?" आणि तो म्हणाला, "हो. रागाने नाही. तुझं कौतुक केल्यासारखं."

मर्वला लाकडं रचता येत नाहीत. साल खाली घालतो, मग आत पाणी धरतं आणि हिवाळ्यात धूर होतो. मी भिंतीकडची रास पाहिली, सगळी तशीच. बाह्या सारल्या आणि वरून एकेक काढून उलटी करून पुन्हा रचायला घेतली. तो फोडलेली माझ्याकडे टाकत राहिला. संपलं तेव्हा अंगण गार पडलं होतं, हात सालीने काळे झाले होते, आणि साडेसहा केव्हाच वाजून गेले होते.